जागा

दुपारी साडेबाराला रिक्षा आली,
वर दोन भोंगे, मागे हात जोडलेला फोटो.
मी अंगणात तुरकाट्या पेटवून
भरताची वांगी भाजत होते.
आणि भोंग्यातून तू आलास.

आवाज तुझा नव्हता. कुणा पोराचा,
नाकातून गाणारा, प्रत्येक ओळीला शेपूट लावणारा.
चाल मात्र तीच,
रीळखात्याच्या मागे, पाण्याच्या टाकीपाशी
मला समोर बसवून बांधलेली,
डब्याच्या झाकणावर बोटं वाजवत:

बोरीना काठे दिवा लावस मी,
राजा, तुनी वाट देखस मी.

राजाच्या जागी आता दादासाहेब.
बाकी गाणं जसंच्या तसं.

सुपडू,
मी वांगं उलटायचं विसरले.

साधं गाणं होतं रे, दोघांपुरतं.
संपात ते गेटवर गेलं.
एकोणतीस दिवस भोंगा मुका, पोरं उपाशी,
आणि बायका ते म्हणायच्या
जणू गिरणीच परगावी गेलेला दादला आहे.
युनूस ढोलकीवर. तू तुझा तो हात कानावर.
मी मागच्या रांगेत, तोंडावर पदर घेऊन,
कारण राजा कोण ते मलाच ठाऊक होतं.

तो तेव्हा दादासाहेब नव्हता, नुसता हिरालाल.
रात्री गाडी आली तेव्हा
हातात यादी, काखेत बॅटरी.
आमच्या चाळीतली नावं त्यानंच वाचली,
शुद्ध उच्चारात, शाळेत हजेरी घेतात तशी.

युनूस चौथ्या दिवशी परत आला, चादरीत.
कागदावर लिहिलं होतं: पडला.
त्याच्या बापानं पिंजायची धनुकली खुंटीला लावली
ती पुन्हा काढली नाही.
तिलाही एक तार होती.

तू सात महिन्यांनी आलास.
सुरत पॅसेंजर दीड तास उशिरा,
कळण्याच्या भाकरीचं फडकं माझ्या हातात गार.
तू उतरलास, माझ्या बाजूनं पुढं गेलास, मग थांबलास.
"गानं नको मांगू," म्हणालास.
मी भाकरी आणली होती फक्त.

मी गाणं कधीच मागितलं नाही.
तू चोपड्याला गेलास, लग्न झालं, कळलं.
मी जनरल स्टोअरच्या हिशेबात डोळे घालवले.
पण तेव्हापासून कुणी सुरात काही म्हणू लागलं
की मला पहिल्यांदा दिसते बॅटरी.
भजनातसुद्धा. हळदीतसुद्धा.

आता कुणी म्हणतं, चालीचे तू पैसे घेतलेस.
कुणी म्हणतं, तुला कुणी विचारलंच नाही.
जिजाबाई म्हणते, तू गेलास,
मागच्या वैशाखातच.
यातलं कुठलं खरं असावं
म्हणून देवापुढे बसू,
ते अजून ठरत नाही.

कॅसेट आहे माझ्याजवळ.
पट्टी दोनदा गुंतली, पेन्सिलीनं फिरवून सरळ केली.
गाणी आता ऐकत नाही.
दुसरं संपून तिसरं सुरू व्हायच्या आधी
एक जागा आहे, अर्ध्या मिनिटाची:
युनूस ढोलकीची दोरी ताणतो,
पुलावरून गाडी जाते,
कुणीतरी बशीत चहा ओततं.
तू विचारतोस, "चालू शे का?"
आणि एक वीस वर्षांची पोर म्हणते, "शे."
तिथं मी बटण दाबते.

रिक्षा पैलाडला गेली.
शेजारची चिंगी अखाजीच्या झोक्यावर
तेच म्हणतेय, दादासाहेबासकट,
चुकतेय वरच्या सुराला,
जिथं मीही चुकायचे.

उठले होते तिला सांगायला
की तिथं आधी दुसरा शब्द होता.
दारापर्यंत गेले.
मग म्हटलं, झोका उंच गेलाय,
पोरगी दचकेल.